रैक्वाची गाडी आणि उंचावरचा अग्नी

देगलूरला ऊब मागावी लागत नाही. लेंडी आणि मांजरा नद्यांच्या मुलखातले, तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेला खेटलेले हे गाव वैशाखात असे तापते की दुपारी बाजारपेठेतली वर्दळ आपोआप थांबते. त्याच वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, बद्री-केदारची दारे उघडतात आणि देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीर या भागांतून चारधामच्या गाड्या निघतात. गाडीच्या टपावर शिधा, मागच्या बाजूला गॅसची शेगडी, सोबत आचारी आणि पुढच्या काचेवर हार. घामाघूम होऊन निघालेली माणसे काही दिवसांतच तीन हजार मीटर उंचीवर पोहोचतात. रात्री पारा शून्याकडे सरकू लागतो, आणि आयुष्यभर उन्हापासून सावली शोधलेल्या या माणसांना पहिल्यांदाच अग्नीची गरज भासते.

आता तर गाडीतच झोपायची सोय करून हिमालयात जाणारेही वाढले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. जुन्या टेंपो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेणारी हौशी कुटुंबे मराठवाड्यातही दिसू लागली. लडाखला जायचे असेल तर त्या गाडीत डिझेलवर चालणारा हीटर बसवला जातो. हा हीटर मैदानी प्रदेशात उत्तम चालतो, पण उंचावर गेला की धूर ओकतो, काजळीने भरतो आणि ऐन थंडीत बंद पडतो. असे का होते, याचे उत्तर मेकॅनिक देऊ शकतो. पण त्या उत्तरामागे एक फार जुना प्रश्न उभा आहे आणि तो या देशातल्या ऋषींनी, भिक्खूंनी, मुनींनी आपापल्या परीने विचारलेला आहे. अग्नी कोणाच्या आधारावर जगतो? आणि विझल्यावर तो कुठे जातो?

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जानश्रुती नावाच्या राजाची गोष्ट येते. राजा मोठा दानशूर होता. आपलेच अन्न सर्वांच्या पोटात जावे म्हणून त्याने ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या होत्या. एका रात्री वरून उडत जाणाऱ्या हंसांचे बोलणे त्याच्या कानावर पडले. एक हंस म्हणाला, या राजाचे तेज आकाशभर पसरले आहे, त्याला स्पर्श करू नकोस, भाजशील. दुसऱ्याने विचारले, तो काय गाडीवाला रैक्व आहे, की त्याच्याविषयी तू असे बोलतोस? राजाची झोप उडाली. सेवकाने शोध घेतला तेव्हा रैक्व सापडला तो एका गाडीखाली, अंगावरची खरूज खाजवत बसलेला. घर नाही, आश्रम नाही, गाडी हाच निवारा. राजाने गायी, हार, रथ पुढे केले ते रैक्वाने झिडकारले. दुसऱ्या खेपेला अधिक गायी, गाव आणि स्वतःची मुलगी देऊ केली तेव्हा कुठे तो बोलला. बोलताना त्याने राजाला ‘शूद्र’ म्हणून हिणवले. हा शब्द आजही टोचतो, आणि तो तिथे का आला याचे समर्थन करण्यात भाष्यकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. समर्थनाने टोचणी कमी होत नाही. पण त्याच माणसाने सांगितलेली विद्या मात्र लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे.

रैक्वाने सांगितले ते थोडक्यात असे. सगळ्यांना आपल्यात ओढून घेणारा एकच आहे, तो वायू. अग्नी विझतो तेव्हा वायूत जातो. सूर्य मावळला, चंद्र मावळला, पाणी आटले, की तेही वायूतच जाते. आणि जे बाहेर तेच देहात: माणूस झोपतो तेव्हा त्याची वाणी, डोळे, कान आणि मन ही सारी प्राणात जाऊन राहतात. जागा असतो तो एकटा श्वास.

अग्नीला देवांचे मुख मानणाऱ्या, ऋग्वेदाचे पहिले सूक्तच अग्नीला वाहणाऱ्या परंपरेत एक माणूस उठतो आणि म्हणतो की अग्नी शेवटचा नाही, त्याच्या मागे वायू आहे. हे धाडस होते. या धाडसाचे मोल देगलूरच्या सपाटीवर कळत नाही, कारण इथे हवा मुबलक आहे आणि मुबलक असलेली गोष्ट नजरेतून सुटते. ते कळते बद्रीनाथला, लेहला, सियाचेनला.

गाडीतल्या डिझेल हीटरची रचना पाहिली तर रैक्वाचे म्हणणे लोखंडात उतरलेले दिसते. गाडीच्या खाली एक लहान पंप असतो. रात्री आजूबाजूला शांतता असली की त्याची टिक-टिक स्पष्ट ऐकू येते. प्रत्येक टिकीला डिझेलचा ठरलेला थेंब पुढे जातो. एक पंखा गाडीबाहेरची हवा ओढून ज्वलनाच्या बंद कप्प्यात नेतो, तापून लाल झालेला ग्लो प्लग सुरुवातीला तेल पेटवतो, आणि जळून उरलेला वायू वेगळ्या नळीने पुन्हा गाडीबाहेर जातो. आत झोपलेल्यांपर्यंत पोहोचते ती फक्त तापलेल्या धातूवरून फिरवलेली आतलीच हवा. म्हणजे नीट बसवलेल्या हीटरमध्ये आगीची हवा वेगळी आणि माणसांची हवा वेगळी.

अडचण अशी, की पंप तेल मोजून देतो, पण पंख्याला हवेचे वजन कळत नाही. तो तेवढ्याच जागेची हवा ओढत राहतो. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे बारा किलो हवा लागते. समुद्रसपाटीला ती साधारण दहा घनमीटर जागेत मावते. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर त्याच वजनाला चौदा घनमीटर जागा लागते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पासष्ट टक्के उरतो. हवेत प्राणवायूचे प्रमाण तेच, एकवीस टक्के. पण हवाच विरळ. परिणामी तेल पूर्वीइतकेच येते आणि त्याला जाळायला हवा कमी पडते. आग अर्धपोटी राहते. ज्वलनाचा कप्पा उघडला तर आतल्या भिंतीवर काळ्या काजळीचा कडक थर बसलेला सापडतो, बोटाने निघत नाही, खरवडावा लागतो. उपाय एकच: पंपाचा वेग कमी करून तेल कमी द्यायचे. आजचे चांगले हीटर हवेचा दाब स्वतः ओळखून हे करतात. स्वस्तातल्या हीटरमध्ये ते हाताने करावे लागते. ऊब थोडी घटते, पण आग स्वच्छ राहते.

तेलाचीही कथा वेगळी नाही. कडक थंडीत साधे डिझेल मेणासारखे गोठते, म्हणून लडाखमध्ये त्यात रॉकेल मिसळण्याची पद्धत होती. उणे तेहतीस अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल तिथे नोव्हेंबर २०१९मध्ये आले. तेलाची सोय झाली, हवेची कोण करणार?

अग्नी कोणाच्या आधारावर जगतो आणि विझल्यावर कुठे जातो, हा प्रश्न बुद्धाने वेगळ्या टोकाने धरला. मज्झिमनिकायात वच्छगोत्त नावाचा परिव्राजक त्याला विचारतो की मुक्त झालेला मनुष्य मेल्यावर कुठे जन्मतो. बुद्ध उलट विचारतो, तुझ्यासमोरची आग विझली तर ती कोणत्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? वच्छगोत्त म्हणतो, हा प्रश्नच लागू होत नाही. ती गवतकाडीच्या आधाराने जळत होती, आधार संपला, विझली. त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी बुद्ध सांगतो की आगीला तिच्या इंधनावरून नाव मिळते: लाकडाची आग, गवताची आग, गोवऱ्यांची आग, भुशाची आग. आगीला स्वतःचे असे वेगळे अस्तित्व नाही. ती आधारांची जुळणी आहे. नांदेड-लातूरच्या बुद्धविहारांत अनित्यता आणि प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगताना हा दाखला आजही फार उपयोगी पडावा. जैन आगमांत अग्नीला जीवांचे शरीर मानले आहे, आणि वायुकायाशिवाय (वायुरूप जीवांशिवाय) अग्निकाय (अग्निरूप जीव) पेटत नाही असेही भगवतीसूत्रात म्हटले आहे. जैन मुनी आग पेटवत नाहीत त्याच्या मुळाशी ही दृष्टी आहे.

तिघांची उत्तरे एक नाहीत. रैक्वाला अग्नीच्या मागे एक मोठे, सर्वांना सामावून घेणारे तत्त्व दिसते. बुद्धाला मागे कोणीच दिसत नाही, फक्त कारणांची साखळी दिसते. जैन दृष्टीला तिथे जीव दिसतात आणि म्हणून अहिंसेची जबाबदारी दिसते. या भेदांवर वाद झाले आणि व्हायलाही हवेत. पण एका गोष्टीवर तिघेही ठाम आहेत: अग्नी स्वयंभू नाही, तो घेणेकरी आहे. युरोपात हे ज्यांनी प्रयोगाने दाखवले त्यांत एक धर्मोपदेशकही होता. जोसेफ प्रिस्टली हा इंग्लंडमधला पाद्री. मेणबत्ती जळून जी हवा निकामी झाली, तिच्यात पुदिन्याची डहाळी ठेवली तर काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळते, हे त्याने १७७१मध्ये पाहिले. पुढे १७७४मध्ये त्याने प्राणवायू वेगळा काढला. 

खरे तर आग हवेवर जगते हे ज्ञान मराठवाड्यातल्या बायकांच्या हाती केव्हापासून आहे. चुलीजवळची फुंकणी हे त्याचे साधन. वीतभराहून थोडी लांब लोखंडी किंवा पितळी नळी, एका टोकाला ओठांनी गुळगुळीत झालेली, दुसऱ्या टोकाला राखेने पांढरटलेली. ओल्या पळाट्या पेटत नसल्या की तिच्यातून स्वतःचा श्वास आगीला दिला जातो. रैक्व जे राजाला सांगत होता ते इथे रोज सकाळी घडत असे, आणि त्या धुराने कित्येकींचे डोळे आणि छाती गेली हेही तितकेच खरे. चुलीवर धुराडे असावे ही गोष्ट चूल शोधल्यानंतर फार उशिरा घरात आली.

धुराड्याचा विसर पडला की काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. जानेवारी २०२०मध्ये केरळहून नेपाळला गेलेल्या सहलीतली आठ माणसे दामन या डोंगरावरच्या ठिकाणी एका हॉटेलच्या खोलीत झोपली. बाहेर कडाक्याची थंडी, आत गॅसचा हीटर, दारे-खिडक्या बंद. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले, कोणी वाचले नाही. त्यांत चार मुले होती. महाराष्ट्रातल्या शहरांत गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरांत असेच मृत्यू होत आले आहेत. तिथे डोंगर नव्हता, विरळ हवा नव्हती. बंद दार पुरेसे होते.

कारण आहे कार्बन मोनॉक्साइड. अर्धपोटी राहिलेल्या आगीतून तो निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, मग शरीरात हवा जाते पण पोचत काही नाही. उंचावर ही गोष्ट दुप्पट घातक, कारण मुळातच रक्ताला प्राणवायू कमी मिळत असतो. आणि सर्वांत कठीण भाग पुढे आहे: डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे ही त्याची लक्षणे उंचीमुळे होणाऱ्या त्रासासारखीच असतात. यात्रेकरूला वाटते की उंची बाधली, गोळी घेऊन झोपू. झोपेत वाणी, डोळे, कान, मन हे सगळे प्राणाच्या भरवशावर सोडून माणूस निश्चिंत होतो, आणि नेमका त्या एकट्या जाग्या राहिलेल्या पहारेकऱ्यावरच घाला पडतो.

सियाचेनवर भारतीय सैन्याने १३ एप्रिल १९८४ रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू केले तेव्हापासून तिथल्या चौक्यांवर जवान राहतात, त्यांत महाराष्ट्रातले कितीतरी. सहा हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब निम्म्यावर येतो. तिथली ऊब म्हणजे रॉकेलवर जळणारी बुखारी नावाची शेगडी. तिच्या काजळीने निवारे काळे होत, आगीचा उलटा झोत येण्याची आणि विषारी वायू कोंडण्याची भीती कायम असे. संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने ‘हिमतापक’ नावाची नवी बुखारी तयार केली ती अशा झोताने आणि वायूने होणारे मृत्यू टळावेत म्हणूनच. २०२१च्या सुरुवातीला तिची मोठी मागणी सैन्याने नोंदवल्याच्या बातम्या आल्या. शत्रूच्या गोळीइतकीच आपल्या शेगडीची काळजी घ्यावी लागते, हे सैन्याला कळले आहे.

गावात मात्र अशा मृत्यूची बातमी आली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते: वेळ भरली होती, प्रारब्ध. दुःखात बुडालेल्या घराला त्या वाक्याने आधार मिळत असेल तर ते तिथे बोलावे. पण ते सिद्धांत म्हणून मांडले जाते तेव्हा त्याला विरोध करायला हवा, आणि विरोधासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही. गीतेचा अठरावा अध्याय पुरतो. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. म्हणजे दैव एकटे नाही, आणि क्रमाने शेवटचे आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात तर चौथ्या कारणाचा अर्थ प्राण, अपान वगैरे वायूंची हालचाल असा केला आहे, आणि पाचव्या दैवाचा अर्थ नशीब असा नसून डोळ्याला साहाय्य करणारा सूर्य, तशा इंद्रियांच्या देवता असा आहे. समजा, हीटर लावलेल्या गाडीत एखादे कुटुंब गुदमरून गेले, तर त्या घटनेला हे लावून पाहावे. अधिष्ठान म्हणजे ती गाडी आणि ते देह, कर्ता म्हणजे हीटर चालवणारा, करण म्हणजे तो हीटर, चेष्टा म्हणजे हवेचे येणे-जाणे. चारही ठिकाणी माणसाला काही करता येत होते. ती चारही दालने ओलांडून थेट पाचव्यावर बोट ठेवणे हे गीतेला धरून नाही. वेदान्ताने प्रारब्धाशेजारी क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून घडणारे कर्म, ठेवले आहे ते उगीच नाही. खिडकी दोन बोटे उघडी ठेवणे हे क्रियमाण आहे.

हे सांगायला देगलूरइतके योग्य गाव दुसरे शोधावे लागणार नाही. वारकरी जगात हे गाव गुंडा महाराजांमुळे आणि त्यांच्या चक्रीभजनामुळे ओळखले जाते. पुढे धुंडा महाराज देगलूरकरांनी ज्ञानेश्वरी कीर्तनातून आणि प्रवचनातून घरोघरी नेली. पाच कारणांचा हा भाग ज्ञानेश्वरीतही विस्ताराने आला आहे. जिथे लोक हा अध्याय ऐकत वाढले, तिथे ‘वेळ भरली होती’ हे वाक्य इतक्या सहज निसटू नये.

इथे कोणी बद्रीनाथच्या अखंड ज्योतीचे उदाहरण देईल. सहा महिने दार बंद, बाहेर बर्फ, आणि वैशाखात दार उघडते तेव्हा दिवा जळत असतो, अशी श्रद्धा आहे. त्या ज्योतीच्या दर्शनासाठी पहिल्या दिवशी झुंबड उडते. केदारनाथविषयीही तीच श्रद्धा. भक्ताने ती मनात जपावी. त्या दिव्याशी हुज्जत घालण्यात काही हशील नाही. पण नेपाळमधल्या मुक्तिनाथला जाणाऱ्याने शेजारची ज्वालामाईही पाहावी. साडेतीन हजार मीटरहून उंच त्या ठिकाणी जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूवर निळसर ज्योती पेटत्या आहेत. पाण्याच्या झऱ्याशेजारी आग, म्हणून हिंदू आणि बौद्ध दोघेही तिथे माथा टेकतात. एकेकाळी तिथे अधिक ज्योती होत्या, त्यांतल्या काही विझल्या. विझल्या म्हणून ठिकाणाचे पावित्र्य कमी झाले नाही. आधारावर जगणारी गोष्ट पूजनीय असू शकते, किंबहुना ती आधारावर जगते म्हणूनच तिची राखण करणे ही पूजा ठरते. अग्निहोत्री हेच करत असे. तो अग्नी राखत असे.

गाडी निघताना चारधामच्या यात्रेकरूंकडे एक छोटा विधी असतोच. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवतात, बोनेटला हळद-कुंकू लागते. त्याच वेळी गाडीखाली वाकून हीटरची धूर जाणारी नळी कुठे फुटलेली नाही ना, चिखलाने बुजलेली नाही ना, हे कोणीतरी हात लावून पाहावे. बर्फ पडला तर सकाळ-संध्याकाळ ती नळी मोकळी करण्याचे काम एका जाणत्या माणसाकडे द्यावे. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे बॅटरीवरचे लहान यंत्र पूजेच्या ताटातच ठेवावे आणि नंतर झोपायच्या जागी, उशीच्या उंचीला टांगावे. आचाऱ्याला सांगावे की थंडी कितीही असली तरी शेगडी किंवा कोळशाची परात गाडीत येणार नाही. चालकाने इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपायचे नाही. आणि रात्री दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले तर उंचीला दोष देण्याआधी सगळ्यांना अंथरुणातून उठवून, थंडी वाजली तरी चालेल, उघड्यावर काढायचे.